रूआउमोको कूस बदलतो तेव्हा : न्यूझीलंडचे भूकंप आणि माओरी परंपरा (नेहमी विचारले जाणारे प्रश्न)

न्यूझीलंडमध्ये भूकंप झाल्याची पट्टी मराठी वाहिन्यांवर सरकायला लागली की अर्ध्या तासात माझा फोन वाजतो. आई, मावशी, मग शाळेतल्या मैत्रिणी. बहुतेक वेळा तो भूकंप आमच्या वेलिंग्टनपासून शेकडो किलोमीटर लांब झालेला असतो आणि मला पत्ताही नसतो. पण प्रश्न मात्र दरवेळी तेच. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एकाची भर पडली आहे, ‘तो पोटातल्या बाळाचा किस्सा सांग ना!’ म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

न्यूझीलंडमध्येच एवढे भूकंप का होतात?

कारण हा देश दोन भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या दोन अवाढव्य तुकड्यांच्या, शिवणीवर बसला आहे. पूर्वेला पॅसिफिक भूपट्ट, पश्चिमेला ऑस्ट्रेलियन. दोन्ही एकमेकांच्या तुलनेत वर्षाला साधारण ४ सेंटीमीटर सरकतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पंचाहत्तर वर्षांत ते तीन मीटर होतं, म्हणजे एका स्वयंपाकघराच्या लांबीएवढं.

गंमत अशी की या एका देशात भूपट्टांचं भांडण तीन तऱ्हांनी चालतं. उत्तर बेटाच्या पूर्वेला पॅसिफिक भूपट्ट ऑस्ट्रेलियन भूपट्टाच्या खाली घुसतो. दक्षिण बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला नेमकं उलट, तिथे ऑस्ट्रेलियन भूपट्ट खाली जातो. आणि या दोन्हींच्या मधे, दक्षिण बेटाच्या कण्यावरून, दोघं एकमेकांना घासत कडेकडेने सरकतात. ती घासण्याची रेघ म्हणजे अल्पाइन भ्रंश (भ्रंश म्हणजे खडकातली भेग, जिच्या दोन्ही बाजू सरकतात), साधारण ६०० किलोमीटर लांब. ती उपग्रहाच्या चित्रातही सरळसोट दिसते, कुणी पट्टी ठेवून आखल्यासारखी. या घासण्यातूनच दक्षिण बेटावरचे बर्फाचे डोंगर वर आले.

इथली जिओनेट ही यंत्रणा वर्षाला सुमारे २०,००० भूकंप नोंदवते. त्यांतले बहुतेक कुणालाही जाणवत नाहीत.

जमीन हलते म्हणजे आत नेमकं काय होतं?

पावसाळ्यात फुगलेला लाकडी दरवाजा आठवा. आपण ढकलतो, तो हलत नाही. आणखी जोर लावतो, तरी नाही. मग एकदम धाडकन उघडतो, आणि आपण तोल जाऊन आत. भ्रंशावरही तसंच होतं. दोन्ही बाजूंचे खडक सरकायला बघतात, पण घर्षणाने अडकून बसतात. ताण साठत जातो, खडक थोडे वाकतातसुद्धा. एका क्षणी घर्षण हार मानतं आणि शेकडो वर्षांचं राहिलेलं सरकणं काही सेकंदांत उरकतं. त्यातून ज्या लहरी निघतात, तो आपला भूकंप.

सरकायला जिथे सुरुवात होते ती भूकंपाची नाभी, आणि तिच्या बरोबर वर जमिनीवर असतं ते अपिकेंद्र. बातम्यांत अपिकेंद्राला फार भाव मिळतो. खरं तर मोठ्या भूकंपात शंभर-दीडशे किलोमीटरचा भ्रंश फाटलेला असतो, आणि सर्वांत वाईट हादरा अपिकेंद्रापासून दूरही बसू शकतो.

घरात बसून हे कसं कळतं? आधी येतात प्राथमिक लहरी. त्या वेगवान असतात, पण सौम्य. माझ्या घरात त्या अंगणात ट्रक येऊन थांबल्यासारख्या वाटतात. काही सेकंदांनी दुय्यम लहरी येतात, आणि तेव्हा मांडणीवरचे स्टीलचे डबे वाजायला लागतात. ट्रक आणि डबे यांच्यातलं अंतर जितकं जास्त, तितका भूकंप लांबचा. आमच्या घरात आता सगळेच हे सेकंद मोजतात.

माओरी परंपरेत भूकंप कोण करतं?

रूआउमोको. आणि तो अजून जन्मलेलाच नाही.

माओरी म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी. त्यांची कथा अशी. सुरुवातीला आकाशबाबा रांगिनुई आणि धरतीमाता पापातूआनुकू एकमेकांना घट्ट मिठी मारून होते. त्यांच्या मधल्या अंधारात, चेंगरून, त्यांची मुलं राहत होती. शेवटी जंगलांचा देव ताने याने पाठीवर झोपून, पाय वर करून बापाला आईपासून दूर ढकललं. उजेड आला. पण आईबाप एकमेकांकडे बघून इतके रडू लागले की सगळीकडे पाणीच पाणी आणि धुकंच धुकं. मग मुलांनी आईला पालथं केलं, म्हणजे दोघांची नजरानजर व्हायला नको.

तेव्हा सर्वांत धाकटा रूआउमोको काही ठिकाणच्या कथांनुसार आईच्या अंगावर पीत होता, काही ठिकाणच्या कथांनुसार पोटातच होता. आई पालथी झाली तशी त्याची जागा खाली, अंधारात कायमची ठरली. तिथे तो गारठू नये म्हणून त्याला आग दिली गेली. ज्वालामुखी आणि उकळते झरे त्या आगीचे. तो हातपाय हलवतो, कूस बदलतो, तेव्हा आईचं अंग हलतं. तो भूकंप. काही परंपरांत ऋतू बदलतात तेही त्याच्याच हालचालीने, कारण आईच्या अंगातली ऊब आणि गारवा तो वरखाली करतो.

मला या कथेत आवडतं ते तिचं घरगुतीपण. बाळंतपण पाहिलेल्या कुठल्याही बाईला पोटात लाथ मारणारं बाळ माहीत असतं. माझ्या आईला ही कथा फोनवर सांगितली, तर ती म्हणाली, “मग नववा महिना कधी संपायचा त्याचा?”

म्हणजे रूआउमोको दुष्ट देव आहे का?

नाही. त्याला रागावण्याची कारणं आहेत, असं काही कथनकार सांगतात, कारण आईबापांची ताटातूट झाली आणि त्याला विचारलं कुणी नाही. पण तो राक्षस नाही. त्याला मारायला कुणी वीर जात नाही. तो भाऊबंद आहे. माओरी वंशावळीत माणूसही त्याच आईबापांपासून उतरतो, त्यामुळे रूआउमोको हा तसा आपल्याच घरातला, खूप जुना, खूप तापट काका म्हणायचा.

त्याचं नाव आणखी एका गोष्टीशी जोडलेलं आहे, ती म्हणजे मोको, माओरी गोंदण. ती कला माणसांना पाताळातल्या उएतोंगाकडून मिळाली, आणि हा उएतोंगा रूआउमोकोच्या वंशातला मानतात. पारंपरिक मोको हाडाच्या छिन्नीने कातडीत चरे पाडून करत. भूकंप जमिनीच्या तोंडावर चरे पाडतो, गोंदणारा माणसाच्या. ज्याने भ्रंशाची रेघ डोंगरावरून खाली उतरताना पाहिली आहे, त्याला हे नातं समजावून सांगावं लागत नाही.

हे आपल्या शेषनागासारखंच झालं ना?

हा प्रश्न प्रत्येक मराठी पाहुणा विचारतो. शेषाने फणा बदलला की धरणी हलते, हे आपण आजीकडून ऐकलेलं असतं. साम्य एवढंच की दोन्हींकडे जमिनीखाली कुणीतरी जिवंत आहे. पण शेष पृथ्वीचा भार वाहतो, ती त्याच्या डोक्यावरचं ओझं आहे. रूआउमोको काहीच वाहत नाही. तो आत आहे, आणि ज्या जमिनीत तो आहे ती त्याची आई आहे.

खरं साम्य शोधायचं तर ते एका शब्दात सापडतं. माओरीत जमिनीला ‘फेनुआ’ म्हणतात, आणि बाळंतपणात पडणाऱ्या वारेलाही ‘फेनुआ’च म्हणतात. बाळाची वार त्यांच्या कुळाच्या जमिनीत पुरायची पद्धत आहे, आजही अनेक कुटुंबं दवाखान्यातून ती मागून घेतात. ‘माझी नाळ इथे पुरली आहे’ असं म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे लगेच कळतं. भूकंपाला माओरीत ‘रू’ किंवा ‘रूफेनुआ’ म्हणतात, म्हणजे फेनुआचं थरथरणं. आता तो शब्द पुन्हा वाचा.

ही नावं नेमकी कशी उच्चारायची?

देवनागरीत लिहिली की काम सोपं. रोमन लिपीत ‘डब्ल्यू-एच’ दिसतं ते बहुतेक ठिकाणी ‘फ’च्या जवळ जातं. आणि शाळेत ‘क ख ग घ’नंतर जो ‘ङ’ आपण उगाचच घोकला असं वाटायचं, त्याच्यावाचून माओरीत पान हलत नाही. तो शब्दाच्या सुरुवातीलाही येतो. पुढे ‘ङाके’ आणि ‘ङाई ताहू’ येतील, तेव्हा ‘वाङ्मय’मधला ङ आठवून म्हणा.

वेलिंग्टनच्या बंदरातल्या दोन जलदैत्यांची गोष्ट काय आहे?

वेलिंग्टनचं बंदर, माओरीत ‘ते फांगानुई-आ-तारा’, पूर्वी चहूबाजूंनी बंद असलेलं सरोवर होतं, असं परंपरा सांगते. त्यात दोन तानिफा राहत, ङाके आणि फाताइताइ. ‘जलदैत्य’ म्हटलं तरी तानिफा नेहमी दुष्टच नसतो, पुष्कळदा तो राखणदार असतो. ङाके चळवळ्या. पलीकडे समुद्राचा आवाज ऐकून त्याला राहवेना. त्याने शेपटीचं वेटोळं स्प्रिंगसारखं दाबलं, झेप घेतली, आणि कडा फोडून थेट सामुद्रधुनीत. तेच आजचं बंदराचं तोंड. फाताइताइने दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला, पण तोवर पाणी ओसरलं होतं. तो उथळ जागी अडकला. पुढे कित्येक काळाने मोठा भूकंप झाला, त्याने त्याला पाण्याबाहेर उचललं आणि तो मेला. त्याचा आत्मा पक्षी होऊन जवळच्या टेकडीवर जाऊन रडला. त्याच्याच नावावरून हाताइताइ म्हणतात तो भाग शहरात आजही आहे.

आता भूशास्त्राची बाजू. मिरामार हे आज वेलिंग्टनचं द्वीपकल्प आहे. माओरी स्मृतीत ते बेट होतं, मोतू काइरांगी. साधारण पंधराव्या शतकात झालेल्या एका प्रचंड भूकंपाला परंपरेत ‘हाओफेनुआ’ असं नाव आहे. त्याचा अर्थ जमीन गिळणारा असा सांगतात, पण प्रत्यक्षात त्याने जमीन गिळली नाही, वर काढली. बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधला उथळ पट्टा उचलला गेला आणि बेट जोडलं गेलं. फाताइताइ जिथे पाण्याबाहेर पडला, ती जागा साधारण हीच. आज त्या पट्ट्यावर वेलिंग्टनचा विमानतळ आहे, दोन्ही टोकांना समुद्र.

बेसिन रिझर्व्ह मैदान भूकंपामुळे तयार झालं, हे खरं का?

खरं. आणि हा माझा आवडता प्रश्न, कारण क्रिकेटमुळे भावजींनाही भूशास्त्रात रस वाटतो.

वेलिंग्टन वसवताना इथे दलदलीचं तळं होतं. ते खोल करून, कालव्याने समुद्राला जोडून जहाजांसाठी गोदी करायचा बेत होता. म्हणूनच नाव ‘बेसिन’. २३ जानेवारी १८५५ च्या रात्री वाइरारापा भ्रंश फाटला. अंदाजे ८.२ तीव्रता, युरोपियन वस्ती झाल्यानंतरचा या देशातला सर्वांत मोठा भूकंप. शहराची जमीन एक-दोन मीटर वर आली. शहराच्या आग्नेयेला तुराकिराए नावाच्या भूशिरावर तर सहा मीटरहून जास्त. भ्रंशावर काही ठिकाणी जमीन आडवी १८ मीटरपर्यंत सरकली. कालव्याचा बेत अर्थातच बारगळला. तळ्याचं पाणी काढून मैदान केलं गेलं आणि १८६८ पासून तिथे क्रिकेट सुरू झालं. बरोबर शंभर वर्षांनी, १९६८ मध्ये, अजित वाडेकरांनी आपलं एकमेव कसोटी शतक, १४३ धावा, इथेच काढलं. भूकंप झाला नसता तर त्या जागी ते पाण्यात उभे असते.

तुराकिराएला जायला जमलं तर जरूर जा. दगडगोट्यांचे किनारे पायऱ्यांसारखे एकावर एक आहेत, समुद्रापासून डोंगराकडे. प्रत्येक पायरी म्हणजे एक भूकंप. सर्वांत खालची जुनी पायरी १८५५ ची. मी तिथे उभी राहिले, पायाखाली गोलगोल, लाटांनी घासलेले दगड, आणि समुद्र मात्र बराच खाली. रूआउमोको किती वेळा वळला, ते चक्क मोजता येतं.

जमीन वर आली तर ती कुणाची?

हा प्रश्न गमतीचा वाटतो, पण नेपियरमध्ये त्याच्यावर अनेक दशकं वाद झाला. ३ फेब्रुवारी १९३१, सकाळी १०:४७. हॉक्स बेच्या भूकंपाने नेपियर आणि हेस्टिंग्ज उद्ध्वस्त झाली, मग आग लागली. २५६ माणसं गेली. न्यूझीलंडच्या इतिहासात एवढा प्राणघातक भूकंप दुसरा नाही. नंतर नेपियर आर्ट डेको शैलीत उभं राहिलं, पर्यटक आज ते बघायला जातात.

पण पर्यटकांना कमी दिसणारी गोष्ट शहराच्या बाजूला आहे. तिथे मोठं खाजण होतं, त्याचं नाव ‘ते फांगानुई-आ-ओरोतू’. माओरींचं मासे आणि शिंपल्यांचं कोठारच. भूकंपाने त्याचा तळ एक ते अडीच मीटर उचलला आणि हजारो एकर नवी जमीन उघडी पडली. शेती झाली, वस्ती झाली, विमानतळ झाला. सरकारचं म्हणणं, एकोणिसाव्या शतकातल्या जमीनखरेदीत खाजणही आलं होतं. माओरींचं म्हणणं, जमीन विकली असेल, पाणी विकलं नव्हतं. माओरींच्या सरकारविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या वायतांगी न्यायाधिकरणाने १९९५ च्या अहवालात माओरींची तक्रार योग्य ठरवली. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या जमिनीची भांडणं आपल्याकडे घराघरांत माहीत आहेत. इथे पाण्यातून वर आलेल्या जमिनीची.

रिश्टर स्केलवर एकाने वाढ म्हणजे दहापट मोठा भूकंप का?

कंपनाचा आकार दहापट, पण ऊर्जा साधारण ३२ पट. आणि मोठ्या भूकंपांसाठी शास्त्रज्ञ आता रिश्टरचं मूळ माप वापरत नाहीत, वेगळं माप वापरतात. नाव मात्र बातम्यांतून जात नाही. मीही सोडलंय समजावणं.

आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तो किती खोल झाला आणि वर काय बांधलेलं होतं. ४ सप्टेंबर २०१० ला क्राइस्टचर्चजवळ पहाटे ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला. कुणी दगावलं नाही. २२ फेब्रुवारी २०११ ला दुपारी १२:५१ ला आलेला धक्का त्याहून लहान, ६.२ च्या आसपास. पण शहराच्या जवळपास खाली आणि जेमतेम ५ किलोमीटर खोल. १८५ माणसं गेली, त्यांतली ११५ एकाच इमारतीत.

६.२ हा आकडा मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंपही साधारण तेवढाच आणि उथळच. तिथे आठ ते दहा हजार माणसं गेली. फरक पडला तो घरांमुळे. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, आणि माणसं झोपेत. तुलना करताना हेही लक्षात ठेवायला हवं की किल्लारी भूपट्टाच्या काठावर नाही, मधोमध आहे. तिथे मोठ्या भूकंपाची आठवणच नव्हती, मग घरं त्या हिशोबाने कोण बांधणार? न्यूझीलंडला ती आठवण दर काही वर्षांनी करून दिली जाते.

क्राइस्टचर्चच्या पूर्व भागात आणखी एक गोष्ट घडली, द्रवीकरण. पाण्याने भरलेली वाळू हादऱ्याने पातळ पिठासारखी होते आणि जमिनीतून करड्या चिखलाचे झरे फुटतात. हजारो घरं कायमची सोडून द्यावी लागली. ती बरीचशी जागा पूर्वीची पाणथळ होती. ओताकारो नदीकाठचा हा प्रदेश माओरींच्या लेखी ईल मासे आणि पाणपक्षी मिळवायची जागा. ती भरून तिच्यावर नगर आखलं वसाहतीच्या काळात. पुढे शहर पुन्हा उभं करण्याच्या कायद्यात दक्षिण बेटाच्या ङाई ताहू या माओरी जमातीला सल्लामसलतीत अधिकृत स्थान मिळालं, हे त्यातल्या त्यात बरं झालं.

कायकोउराला नेमकं काय झालं होतं?

१४ नोव्हेंबर २०१६, मध्यरात्र उलटून दोन मिनिटं. ७.८ तीव्रता. यात एक भ्रंश फाटला नाही, वीसहून जास्त फाटले, एकातून दुसऱ्यात उडी मारत. असं होऊ शकतं हे कुणी धरलंच नव्हतं, जगभरच्या तज्ज्ञांना आपले हिशोब परत तपासावे लागले. दोघांचा मृत्यू झाला. रस्ता आणि रेल्वे दोन्ही दरडींखाली गेले, गाव तुटलं.

‘काय’ म्हणजे खाणं आणि ‘कोउरा’ म्हणजे शेवंड. गावाचं नावच शेवंड खाण्यावरून पडलेलं. अडकलेल्या शेकडो पर्यटकांसाठी ताकाहांगा मराएचे दरवाजे उघडले गेले. मराए म्हणजे कुळाचं सभागृह, अंगण आणि मुदपाकखाना, सगळं मिळून. पाहुण्याला उपाशी पाठवणं ही तिथे नामुष्की समजतात. त्या आठवड्यात तिथे हजारो पानं उठली, आणि पानात होती शेवंडं. एरवी हॉटेलात जिच्या किमतीकडे बघून आपण मेनू मिटतो ती शेवंड, भूकंपग्रस्तांच्या पंगतीत.

किनारा मात्र मेला. शंभरेक किलोमीटरचा समुद्रतळ उचलला गेला, काही ठिकाणी पाच-सहा मीटर. पाउआ नावाचे निळ्याहिरव्या शिंपल्याचे जीव खडकाला चिकटलेले असतात, ते लाखोंनी उन्हात उघडे पडले. लोक बादल्या घेऊन ते परत पाण्यात नेऊन सोडत होते. मग तिथे पाउआ पकडणं बंद केलं गेलं, ते २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा खुलं झालं. एखादी जागा विश्रांतीसाठी बंद ठेवण्याला माओरीत ‘राहुई’ म्हणतात. सरकारी आदेश आणि जुना राहुई इथे एकाच दिशेने गेले.

ज्वालामुखी आणि भूकंप यांचा संबंध आहे का?

आहे. खाली घुसणारा भूपट्ट सोबत पाणी नेतो, त्याने वरचा खडक वितळायला मदत होते, आणि उत्तर बेटाच्या मधोमध ज्वालामुखींची रांग उभी राहते. त्या रांगेची कथा अशी. ङातोरोइरांगी नावाचा जाणता पुरोहित तोंगारिरो डोंगरावर थंडीने मरायला टेकला. त्याने दूर हावाइकीतल्या, म्हणजे माओरींच्या मूळ भूमीतल्या, बहिणींना हाक मारली, आग पाठवा. त्या आग घेऊन समुद्राखालून निघाल्या, आणि जिथे जिथे डोकं वर काढलं तिथे आग राहिली. फाकारी बेट, रोटोरुआ, तोंगारिरो. हीच नावं नकाशावर जोडली की ज्वालामुखींची रांग होते.

मग माओरींना भूपट्टांचं शास्त्र आधीच माहीत होतं म्हणायचं?

नाही. असं म्हणायची आपल्याला फार घाई असते, स्वतःच्या पुराणांबद्दलही. पोटातलं बाळ म्हणजे भूपट्ट नव्हे.

पण परंपरा दुसरं काहीतरी जपते, ते म्हणजे नोंद. माओरी इथे साधारण तेराव्या शतकापासून आहेत. भूकंपाच्या लिखित नोंदी सुरू झाल्या त्या १८४० च्या आसपास. मधल्या पाच-सहाशे वर्षांत काय काय झालं ते दगडात, मातीत आणि लोकांच्या तोंडी आहे. हाओफेनुआ हे त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. पूर्व किनाऱ्यावर रुआतापूच्या लाटेची कथा आहे, अपमान झालेल्या भावाने समुद्र अंगावर पाठवल्याची. तिच्यात जुन्या सुनामीची आठवण असावी, असं काही संशोधकांना वाटतं. मला हे पटण्यासारखं वाटतं, पण सिद्ध झालंय असं मी म्हणणार नाही.

ही परंपरा आणखी एक काम करते, ते शास्त्राला जमत नाही. ती भूकंपाला घरातला माणूस बनवते. शास्त्र सांगतं, पुढचा येणार. रूआउमोकोची कथाही तेच सांगते, कारण बाळ कायमचं स्वस्थ पडून राहत नाही.

पुढचा मोठा भूकंप कधी येणार?

तारीख-वार कुणीही सांगू शकत नाही, सांगत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. शक्यता सांगता येते. अल्पाइन भ्रंश शेवटचा मोठा फाटला १७१७ मध्ये. सरासरी तो तीनशे वर्षांनी फाटतो. पुढच्या ५० वर्षांत फाटण्याची शक्यता सुमारे ७५ टक्के धरली जाते.

इमारती कशा वाचवतात?

एक उपाय खास इथला. शिसं आणि रबर यांची जाडजूड उशी इमारतीच्या पायाखाली घालायची. जमीन हलते, उशी हलते, इमारत मागेपुढे संथ झुलते. शिशाचा गाभा हादऱ्याची ऊर्जा पिऊन टाकतो. बिल रॉबिन्सन या न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात ही शोधली. वेलिंग्टनचं ‘ते पापा’ नावाचं संग्रहालय अशा उशांवर उभं आहे. २००१ च्या भूकंपानंतर भूजला जे नवं जिल्हा रुग्णालय बांधलं, त्यातही हेच तंत्र वापरलं.

धक्का बसला तर काय करायचं?

बाहेर पळू नका. वरून पडणारी वीट दारातच गाठते. खाली बसा, टेबलाखाली शिरा, त्याचा पाय घट्ट धरा. इथे शाळेत मुलांना ‘कासव व्हा’ म्हणून शिकवतात. दाराच्या चौकटीत उभं राहायचं हे जुनं झालं, विसरा.

समुद्रकाठी असाल तर दुसरा नियम. हादरा मिनिटभराहून लांबला किंवा उभं राहता येईना इतका जोराचा असला, तर भोंग्याची वाट न बघता उंचावर चालत निघायचं. लांबलेला पण सौम्य हादरा जास्त फसवा. २६ मार्च १९४७ ला गिझबर्नजवळ असाच सौम्य भूकंप झाला, लोकांनी मनावर घेतला नाही, आणि अर्ध्या तासाने लाट आली, काही ठिकाणी दहा मीटरपर्यंत उंच. वेलिंग्टनच्या किनारी वस्त्यांत रस्त्यावर जाड निळी रेघ मारलेली दिसेल. तिच्या वर पोचलात की सुटलात.

आम्ही भेटायला येतोय. सोबत काय आणू?

लोणचं आणा, पण काचेच्या बरणीत नको. आमच्या मांडणीला पुढून दांडी आहे, कपाटांना लहान मुलांच्या घरात असतात तशा खिट्ट्या आहेत, गणपतीच्या मूर्तीखालीही चिकटमाती आहे. तरी २०१६ च्या त्या रात्री आईने पाठवलेली कैरीची बरणी फुटली ती फुटलीच, आणि तेलाचा वास आठवडाभर गेला नाही. विमानतळावर खाण्याचे सगळे पदार्थ लेखी सांगा, नाहीतर दंड होतो. उतरताना शक्यतो खिडकीची जागा घ्या. दोन्हीकडे पाणी आणि मधे जेमतेम धावपट्टीएवढी जमीन दिसेल, ती हाओफेनुआने वर काढलेली.